चारशे बारा त्रिकोण

छत आधी नुसता एक आकडा होता.
तो सरकवला की सगळं छत हलायचं
दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखं.
डावीकडे ओढलं, पोट खाली.
उजवीकडे, कडा वर,
आणि खालच्या अंगणात सावलीचा तुकडा
इकडून तिकडे.
कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर, एसीत बसून
मी दुपार करत होते, संध्याकाळ करत होते,
डिसेंबरचा मे करत होते.

जागा म्हसरूळची. अभ्यासिकेचं अंगण.
स्पर्धा परीक्षांची पोरं थंडीत तिथे उन्हाला पाठ देऊन बसतात,
उन्हाळ्यात भिंतीला चिकटून सावलीबरोबर सरकतात.
तेवढंच हवं होतं. थंडीत ऊन आत, मे महिन्यात बाहेर.
हवामानाची फाईल मात्र नाशिकची मिळाली नाही,
मुंबईची घातली.
त्यामुळे माझ्या मॉडेलला निफाडचा गारठा ठाऊकच नव्हता.
त्याला वाटायचं, समुद्र इथंच कुठेतरी
द्वारका सर्कलच्या पलीकडे असेल.

अंबडला दगूभाऊ पगारांच्या शेडमध्ये लॅपटॉप उघडला.
त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.
"पीस किती?"
चारशे बारा.
"अन् साचे?"
चारशे बारा.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले,
म्हणजे त्यांच्या, पत्र्याच्या.
"एक पण जुळं नाही?"
नाही, म्हटलं.
तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

प्रत्येक त्रिकोणाला स्टिकर, प्रत्येक स्टिकरवर नंबर.
रंगाच्या भट्टीत, दोनशे अंशांवर,
नंबर जळून गेले.
भट्टीआधी ते पत्र्यावर कोरून घ्यायचे होते.
कुणी?
त्याचा पॅरामीटर नव्हता.

दोन रात्री बसलो.
दगूभाऊ टेप धरायचे, त्यांचा भाचा ओरडायचा,
नऊशे चाळीस! आठशे बारा! सातशे सदुसष्ट!
मी टाइप करायचे. मशीन म्हणायचं, एकशे एकोणनव्वद.
शे-दीडशेनंतर दगूभाऊ टेप न लावताच बोलायला लागले.
"ही नकटीची बहीण.
हा मघाच्या फेंगड्याचा शेजारी.
ही मावशी. बाजूला ठेव रे हिला, हिचं नंतर बघू."
मी तपासायचे.
बहुतेक वेळा बरोबर असायचं.
बहुतेक.

पहाटे साडेचारला मावशी उरली.
मॉडेलमध्ये एक जागा रिकामी होती, पण ती हिची नव्हती.
तीन मिलिमीटर.
दगूभाऊंनी कटिंगवाल्याला शिवी घातली.
मी गप्प.
कटिंगची फाईल पाठवून झाल्यावर, एका रात्री,
टोकाच्या कोपऱ्यातला एकच बिंदू
मी केसभर उचलला होता.
बरा दिसत होता म्हणून.

सांगितलं शेवटी, चहा आल्यावर.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
मावशी उलटी केली, भोकात बोट घालून दाखवलं.
मी गोल काढलं होतं. त्यांनी लांबट केलेलं.
"लोखंड दुपारचं येगळं ऱ्हातं, मॅडम,
पहाटचं येगळं. बसंल."
सगळ्या चारशे बारांची भोकं तशीच होती.
मला विचारलं नव्हतं.

जानेवारी. म्हसरूळ. सकाळचे आठ.
त्रिकोणांतून ऊन उतरलंय,
मी आखलं होतं तिथं नाही, अलीकडे.
हिरव्या स्वेटरमधली एक मुलगी
पुस्तकातून डोकं वर न काढता
खुर्ची फरशीवरून करकरत ओढते,
दोन फूट,
आणि बरोबर उन्हात थांबते.

फाईल अजून माझ्याकडे उघडी आहे.
तो बिंदू मी मागे नेलेला नाही.